बाबांच्या गाडीला पोचा पडू नये म्हणून

चावी देताना बाबा एकच वाक्य बोलतात, ‘नीट चालवजो.’ तुम्ही नीटच चालवता. नांदगाव खंडेश्वर ते अमरावती हा पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता, मधात बडनेऱ्याची गर्दी, सगळं सांभाळून जाता. मित्राच्या बहिणीचं लग्न असतं. लॉनच्या बाजूच्या शेतात गाडी लावता, जेवता, फोटो काढता, रात्री घरी येता. सकाळी बाबा फडकं घेऊन गाडी पुसायला लागतात आणि डाव्या बाजूच्या मागच्या दारावर त्यांचा हात थांबतो.

‘हे काय होय बे?’

बोटाच्या पेराएवढा पोचा. मधोमध पांढरा ओरखडा, आणि आपली गाडी तर लाल. तुम्ही खरंच काही केलेलं नसतं. शेजारच्या पांढऱ्या गाडीतून कुणीतरी उतरलं, दार धाडकन उघडलं, इकडंतिकडं पाहिलं आणि जेवायला निघून गेलं. पण ‘मले काय मालूम बाबा’ या उत्तरावर आजवर कोणत्या बापाचं समाधान झालंय? पुढचे दोन महिने चावी मिळत नाही, हा खरा पोचा.

एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल. आपल्याकडं गाडी म्हणजे सोयाबीनचे आणि कपाशीचे पैसे, वर बँकेचा हप्ता. अनेक घरांत तर सेकंडहँड. तीच गाडी आजीला अमरावतीच्या दवाखान्यात नेते, तुम्हाला परीक्षेच्या सेंटरवर सोडते. उद्या विकायला काढली की घेणारा आधी इंजिन पाहत नाही, गाडीभोवती चक्कर मारून पत्र्यावरून हात फिरवतो. प्रत्येक पोच्याला तो भाव पाडतो.

आणि इन्शुरन्स? ते आहे, पण पेराएवढ्या पोच्यासाठी क्लेम करायच्या आधी हिशेब करा. 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले 1000 रुपये आपल्या खिशातून जातात, त्यावरच्या इंजिनाला 2000. शिवाय क्लेम न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस, जो पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो, तो पुढच्या रिन्यूअलला शून्यावर येतो. म्हणजे दार सरळ झालं तरी प्रीमियम वाकडा. म्हणून पोचा पडूच नये, हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

त्यासाठीची जुनी वस्तू म्हणजे दाराच्या मधल्या भागावरून आडवी जाणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची जाड पट्टी. कंपनीच्या भाषेत साइड मोल्डिंग, दुकानात मागायची तर ‘साइड बीडिंग’. जुन्या गाड्या आठवून पाहा, अनेकांच्या दारावर ही काळी पट्टी असायचीच. मग गाड्यांचं डिझाइन गुळगुळीत झालं, दारावर नक्षीदार घड्या आल्या, आणि पट्टी बिचारी ‘जुनाट’ ठरली. आता ती बहुतेक ॲक्सेसरीच्या यादीत पैसे मोजून घ्यावी लागते. गंमत म्हणजे पट्टी गेली त्याच काळात तिची गरज वाढत गेली.

कशी, ते बघा. 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 रुंदीला दीड मीटरच्याही आत होती. 2006 च्या अर्थसंकल्पापासून 4 मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली. त्यामुळं कंपन्यांनी लांबी कापली, पण रुंदीवर कुणाचंच बंधन नव्हतं. आजची टाटा नेक्सॉन 4 मीटरच्या आत बसते आणि रुंदीला 1.8 मीटर भरते. स्कॉर्पिओ-एन तर 1.9 मीटरच्या वर. इमारतीच्या पार्किंगमध्ये एका गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद धरतात. अशा दोन स्कॉर्पिओ शेजारी-शेजारी अगदी मधोमध लावल्या तरी त्यांच्यात 60 सेंटीमीटरही उरत नाहीत, आणि त्यात आरसे मोजलेलेच नाहीत. तेवढ्या फटीतून जेवून आलेल्या काकांनी उतरायचं म्हटल्यावर दार कुठं टेकणार?

तर पट्टी लावायची. पण कुठं? इथंच बहुतेक जण चुकतात. दुकानदार नजरेनं ‘मधात’ चिकटवून देतो आणि आपण पैसे देऊन निघतो. पट्टी तिच्या स्वतःच्या दोन-तीन इंच पट्ट्यातच काम करते. समोरचं दार त्याच उंचीवर टेकलं तर रबर मार खातं, पत्रा वाचतो. चार बोटं वर टेकलं तर पट्टी नुसती पाहत राहते. दार उघडताना त्याच्या कडेचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो तो आधी लागतो. हा भाग छोट्या हॅचबॅकला खाली असतो, एसयूव्हीला वर. म्हणून मित्रांच्या दोन वेगवेगळ्या गाड्या आपल्या गाडीशेजारी उभ्या करा, मधात जाड पुठ्ठा धरून त्यांचं दार हळूच टेकवा आणि पुठ्ठ्यावर खडूनं खूण करा. आपल्या दाराचा सगळ्यात फुगीर भाग कोणता तेही हात फिरवून बघा. फुगीर भाग आणि खुणा जिथं जवळ येतात, तिथं पट्टी. पंधरा मिनिटांचं काम आहे, रविवारी चहा पिता पिता होतं.

आता खरी गोष्ट. हा सगळा सल्ला मॉलच्या पार्किंगसाठी ठीक आहे. पण तुमची गाडी वर्षातले किती दिवस मॉलमध्ये उभी असते? नांदगावात बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाहा. महाशिवरात्रीला खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिराकडं जाणारी गर्दी आठवा. तिथं दाराला दार लागत नाही. तिथं लागतं मोटरसायकलचं हँडल, दुधाच्या कॅनची कडी, स्टँडवरून कलंडलेली स्कूटर. हँडलचं टोक साधारण मीटरभर उंचीवर असतं, म्हणजे दाराच्या कडीच्या आसपास. पट्टी असते गुडघ्याच्या जरा वर. दोघांची भेटच होत नाही. फूटरेस्ट लागलं तर ते पट्टीच्याही खाली. त्यामुळं ‘बीडिंग लावली, आता टेन्शन नाही’ असं बाबांना सांगू नका. पट्टी गाडीच्या दारापासून वाचवते, गाडीच्या भोवती फिरणाऱ्या पोट्ट्यांपासून नाही. बाजारात एकच उपाय चालतो. एक बाजू भिंतीला किंवा झाडाला लागून राहील अशी जागा शोधायची आणि दोनशे पावलं चालायची तयारी ठेवायची.

लग्नाच्या लॉनचं शेतातलं पार्किंग ही तिसरीच जात. जमीन उताराची, वर वारा. दार अर्धं उघडून हात सोडला की ते आपोआप पूर्ण उघडतं आणि शेजारच्याला जाऊन भिडतं. दाराला मधल्या टप्प्यावर धरून ठेवणारा स्टॉपर जुन्या गाडीत झिजलेला असतो. तो मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्या. हे काम पट्टीपेक्षा आधीचं, कारण यात वाचतो तो दुसऱ्याचा पत्रा.

पट्टी चिकटवताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, दाराला भोक पाडू द्यायचं नाही. स्क्रू किंवा रिव्हेट मारून पट्टी पक्की बसते खरी, पण त्या भोकातून पाणी जातं आणि गंज आतून सुरू होतो. तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरी गोष्ट टेपची. ॲक्रिलिक फोमची दोन्ही बाजूंनी चिकटणारी चांगली टेप घ्या. पट्टी महाग आणि टेप फुकटची, हा सौदा पहिल्या उन्हाळ्यातच उघडा पडतो. दार आधी शाम्पूनं धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कारण पॉलिशचा थर राहिला तर टेप पत्र्याला नाही, पॉलिशला चिकटते. मास्किंग टेप लावून चारही दारांवरून एक सरळ रेघ आखून घ्या. नाहीतर पुढची पट्टी नेरकडं आणि मागची बडनेऱ्याकडं पाहत असते.

वेळ मात्र आपल्या हवेप्रमाणं निवडायची. अशी टेप साधारण 21 ते 38 अंशांत नीट बसते. वैशाखातल्या दुपारी आपल्याकडं दाराला हात लावला तर चटका बसतो, तेव्हा हे काम करायचंच नाही. सकाळी, सावलीत करा. एकदा टेकवली की पूर्ण लांबीवर अंगठ्यानं जोर देऊन दाबा. पहिल्या 20 मिनिटांत टेपची पकड निम्म्यापर्यंत येते, 24 तासांत 90 टक्के, पूर्ण व्हायला 72 तास लागतात. म्हणजे तीन दिवस गाडी धुणं बंद. आणि समृद्धीवर 120 च्या स्पीडनं जायची हौसही तीन दिवसांनंतर. आपल्याच तालुक्यातून जातो तो रस्ता, कुठं पळून जात नाही. पट्टीचं पुढचं टोक जरा जरी उचललेलं असेल तर वारा त्यात शिरतो आणि उरलेलं काम तोच करतो. उचललेल्या कडेखाली काळ्या मातीची धूळ बसली की ती रंगावर सँडपेपरसारखी घासते, म्हणून सैल पट्टी दाबून पुन्हा पुन्हा बसवण्यापेक्षा काढून टाकलेली बरी. काढायची असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करा आणि मागून नायलॉनचा बारीक दोरा करवतीसारखा ओढत न्या. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका.

दार नुकतंच पुन्हा रंगवलं असेल तर लगेच पट्टी लावू नका. रंग आतून पूर्ण वाळेपर्यंत थांबा. किती दिवस, ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

चुंबकानं दाराला चिकटणारे, घरी आलं की काढून ठेवता येणारे पॅडही मिळतात. ऐकायला छान वाटतं. पण मधात धूळ अडकली की तेच ओरखडे पाडतात, आणि ते आपण काढायच्या आधी दुसरंच कुणी काढून नेण्याची शक्यता बरीच. काही भाऊ याच्याही पुढं जाऊन गाडीला लोखंडी पाइपचे गार्ड ठोकून घेतात. समोरच्या बुलबारवर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं, कारण पायी चालणाऱ्याला ते जास्त घातक ठरतात. दारावरची रबरी पट्टी त्यात येत नाही. ती तर कंपन्या स्वतःच विकतात.

एवढं करूनही पोचा पडलाच तर? रीलमध्ये पाहिलं असेल, उकळतं पाणी ओतलं, आतून हात लावला, पोचा गायब. तो बंपर असतो, प्लॅस्टिकचा. तुमचं दार स्टीलचं आहे. पाण्यानं ते आपल्या जागी येत नाही, गरम-थंडाच्या खेळात रंगाचंच नुकसान व्हायचं. आधी नखानं तपासा. रंगाचा टवका उडालेला नसेल तर रंग न काढता, मागून सळईनं दाबत दाबत पोचा काढणारे कारागीर असतात, त्यांना गाठा. गाडीचा मूळ रंग टिकतो, आणि विकताना त्याला किंमत आहे. टवका उडून पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याच्या आधी निदान टच-अप करून घ्या. आणि लांबी भरून, रंग मारून द्यायचं ठरलंच, तर त्या खर्चात बहुतेक वेळा चारही दारांच्या पट्ट्या येऊन वर चहापाणी सुटलं असतं, हे बाबा ऐकवतीलच.

राहिलं ते आपलं दार. आतापर्यंत सगळं बोलणं दुसऱ्याच्या दारापासून वाचायचं होतं, पण लॉनवरच्या त्या रात्री दुसऱ्या कुणासाठी ती पांढरी गाडी आपणच असू शकतो. दाराच्या उभ्या कडेवर बसणारी बारीक रबरी पट्टी मिळते, तिला डोअर एज गार्ड म्हणतात. ती आपल्या कडेचा रंग वाचवते आणि समोरच्याचा पत्राही. फक्त आतून धातूची पट्टी असलेली घेऊ नका, ती रंग घासते आणि पाणी धरून ठेवते. मागं बसलेल्या मित्रांना ‘थांबा बे, मी सांगतो मग उघडा’ म्हणायची सवय लावा. ड्रायव्हरनं स्वतःचं दार लांबच्या, म्हणजे डाव्या हातानं उघडावं. खांदा आपोआप वळतो, मागून येणारी मोटरसायकल दिसते आणि दार हातातून सुटत नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत 2022 पासून हीच पद्धत सांगितली आहे, मागून येणाऱ्या सायकलवाल्यांसाठी.

आणि लागलंच आपलं दार कुणाला, तर डॅशबोर्डमधला पेन काढा. ‘दादा, माझ्या दारानं तुमच्या गाडीला लागलं, सॉरी. माझा नंबर हा.’ चिठ्ठी वायपरखाली ठेवू नका, वाऱ्यानं उडते. घडी करून ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या कडीत खोचा. गाडी काढायला येणाऱ्याचा हात आधी तिथंच जातो.