गुरगुरणे ही सूचना, गुन्हा नव्हे

पावसात गाडीखाली अंग चोरून बसलेले कुत्रे दया येऊन घरी आणले जाते. पहिले काही दिवस ते कोपऱ्यात निमूट पडून राहते. 'किती गरीब आहे!' असे सारे म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी मात्र जेवणाच्या भांड्याजवळ गेलेल्या मुलावर ते गुरगुरते आणि एखाद्या दिवशी चावाही घेते. ज्याला जीव लावला तेच उलटले, या भावनेने घर हादरते. वास्तविक कुत्रे कृतघ्न झालेले नसते. सुरुवातीची शांतता ही बहुधा भीतीने आलेली स्तब्धता असते. थोडे स्थिरावल्यावर त्याचे खरे वर्तन दिसू लागते.

भीती, भूक आणि वेदना

पिल्लाला माणसे, आवाज आणि स्पर्श यांची ओळख प्रामुख्याने वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान होते. त्या काळात ज्याच्या वाट्याला दगडच आले, त्याला कुरवाळायला पुढे आलेला हातही उगारलेला वाटतो. रस्त्यावर घास राखला नाही तर उपास घडतो. भांड्यावरची गुरगुर ही त्याच जगण्याची सवय असते. कानातील संसर्ग, दुखरा दात किंवा वाहनाच्या धडकेने झालेली जुनी इजा यांमुळेही कुत्रे चावते. म्हणून पहिली तपासणी पशुवैद्यकाची. लसीकरण आणि निर्बीजीकरण करावेच. मात्र निर्बीजीकरणाने भीतीतून येणारा चावा आपोआप थांबत नाही.

चाव्याआधीची भाषा

अचानक चावले, असे म्हटले जाते. पण चाव्यापूर्वी कुत्र्याने बहुधा अनेक सूचना दिलेल्या असतात. तोंड फिरवणे, झोप नसताना जांभई, ओठ चाटणे, शेपूट पायांत घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे आणि मग गुरगुरणे. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर भीती जात नाही, फक्त सूचना बंद होते. असे कुत्रे पुढे न गुरगुरता चावू लागते.

'घरात मालक कोण ते दाखवून द्या' हा सल्लाही जुन्या समजुतीवर उभा आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून वर्चस्वाच्या झगड्याचे चित्र मांडले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते लोकप्रिय केले. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये, रानातील कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, हे स्पष्ट केले.

सुधारणा टप्प्याटप्प्याने

कुत्र्याला निजण्यासाठी हक्काचा कोपरा द्यावा. जेवताना वा झोपेत त्याला कोणी हात लावू नये. भांड्यावर गुरगुरत असल्यास ते शांत राहील एवढ्या अंतरावरून जाताना उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकावा आणि अंतर दिवसागणिक थोडेथोडे कमी करावे. माणूस जवळ आला की घास जात नाही, उलट चांगला घास मिळतो, हे त्याला उमगते. हे काम मोठ्यांचे आहे. लहान मूल आणि कुत्रे यांना एकटे सोडू नये. श्वास घेता येईल व पाणी पिता येईल अशा जाळीदार मुसक्याची सवय खाऊ देऊन लावावी. शिक्षा म्हणून ते बांधू नये. प्रगतीला आठवडे नव्हे, महिनेही लागू शकतात.

चावल्यास

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. मात्र त्यासाठी माणसाचे उपचार लांबवू नयेत.

चावे वारंवार आणि खोल होत असतील, घरात तान्हे मूल असेल, तर जाणकार प्रशिक्षकाच्या सल्ल्याने दुसरे योग्य घर शोधण्यात कमीपणा नाही. पुन्हा रस्त्यावर सोडणे हा मात्र उपाय नव्हे. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय माणसावरचा त्याचा उरलासुरला विश्वासही त्याने संपतो, आणि त्याचा पुढचा चावा कोणा अनोळखी वाटसरूच्या वाट्याला येतो.