तर्रीचा पुढचा प्रवास

अकोला-अमरावतीत लाकडी घाण्याची दुकानं पुन्हा दिसू लागली आहेत. बैलाच्या जागी विजेची मोटर आली, पण घाण्यातली लाकडी लाट तशीच फिरते आणि तिळाच्या घाण्यात पाण्याचा हबका अजूनही मारावा लागतो, त्याशिवाय तेल नीट सुटत नाही. या दुकानांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. मी गेलो, घाणा पाहिला, आणि गिऱ्हाइकांच्या एकाच प्रश्नात अडकलो. करडई घ्या, शेंगदाणा घ्या, डबा पुढे करताना माणूस विचारतो, “पचाले हलकं हाये का?”

हा प्रश्न घाणेवाल्याला विचारून भागत नाही. त्याचं उत्तर पोटात आहे. म्हणून हा लेख घाण्यावरचा राहिला नाही, घाण्यातून निघालेलं तेल पुढे जिथे जातं तिथला झाला.

वऱ्हाडात वांग्याच्या भाजीवर तर्री दिसली नाही तर जेवणाऱ्याचं मन भरत नाही. रोडग्यांचा स्वयंपाक असेल तर मग विचारूच नका. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, आणि ते तेल वर तरंगत राहतं. ताटात जे दिसतं तेच जठरातही होतं. पोटातला सगळा कारभार पाण्याचा. पाचक रस पाण्यातले, त्यातली विकरंही पाण्यात विरघळणारी. तेल त्या पाण्याशी मिसळायला तयार नसतं. जठर ते घुसळतं, तिथलं लायपेज नावाचं विकर थोडं तेल तोडतंही, पण खरं काम बाकीच राहतं.

जठरातून तेल लहान आतड्याच्या तोंडाशी आलं की तिथल्या पेशी त्याची चाहूल घेतात आणि रक्तात एक संप्रेरक सोडतात. त्याचं लांबलचक नाव कोलेसिस्टोकायनिन. ते एकाच वेळी तीन हुकूम देतं: जठरानं दार सावकाश उघडावं, स्वादुपिंडानं आपलं लायपेज पाठवावं, पित्ताशयानं आकुंचन पावावं. तेलकट जेवणानंतर पोट बराच वेळ भरल्यासारखं वाटतं, ते या पहिल्या हुकमामुळे. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशयात मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण त्यातलं पाणी शोषून ते घट्ट करून ठेवलेलं असतं.

पित्तात तेल तोडणारं एकही विकर नाही. त्यातल्या पित्तक्षारांची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी तेलाला. भांड्यावरच्या ओशटपणाशी साबण जे करतो तेच ते तर्रीशी करतात: मोठ्या थेंबाचे असंख्य बारीक थेंब होतात आणि लायपेजला काम करायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो.

इथे एक पेच आहे, आणि त्यानं मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं. थेंबाभोवती जमलेले हेच पित्तक्षार लायपेजला थेंबापासून दूर ढकलतात. ज्यानं वाट करून द्यायची तोच वाट अडवतो. यावरचा उपाय स्वादुपिंडानंच शोधला आहे. लायपेजबरोबर ते कोलायपेज नावाचं एक लहानसं प्रथिन पाठवतं. ते स्वतः काहीच तोडत नाही. पित्तक्षारांच्या गर्दीत ते थेंबाला चिकटतं आणि लायपेजला तिथे धरून ठेवतं, इतकंच. तेवढ्यानं काम सुरू होतं. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. लायपेज दोन टोकांची दोन कापतं, मधलं तसंच ठेवतं. इतक्या गडबडीतली ही काटेकोर शिस्त वाचताना मला घाण्याच्या लाटेपेक्षाही थक्क व्हायला झालं.

हे कळायला शतकं लागली. इटलीतल्या गास्पारे असेल्लीला १६२२ साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधाळ पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. १८४०च्या दशकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी ससा पाहिला. सशात स्वादुपिंडाची नळी पित्तनळीच्या बरीच खाली उघडते, आणि पचलेलं तेल वाहून नेणाऱ्या या पांढऱ्या वाहिन्या त्या नळीच्या पुढेच दिसत होत्या. तेलाच्या पचनात स्वादुपिंडाचा हात आहे, हे त्यावरून ठरलं.

तुटलेले तुकडे आतड्याच्या पेशीत शिरतात आणि तिथे पुन्हा जोडून त्यांचं तेलच बनवलं जातं. त्यावर प्रथिनाचं वेष्टन चढतं. या गोळ्यांचं नाव कायलोमायक्रॉन. साखर आणि प्रथिनं शिरेतून थेट यकृताकडे जातात. हे गोळे मात्र रसवाहिन्यांतून छातीपर्यंत चढतात आणि डाव्या खांद्याजवळच्या शिरेत उतरतात. म्हणून भरपेट तेलकट जेवणानंतर काढलेल्या रक्ताचा वरचा द्रव गढूळ, दुधाळ दिसतो. मग स्नायू आणि मेदपेशी त्यातली मेदाम्लं काढून घेतात. हृदयाच्या स्नायूचं बहुतेक इंधन हेच. एका ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, पिठातल्या पिष्टात किंवा डाळीच्या प्रथिनात ४. काम संपलेलं पित्तही वाया जात नाही. लहान आतड्याच्या शेवटी त्यातले सुमारे ९५ टक्के पित्तक्षार परत शोषले जातात आणि यकृताकडून दिवसातून अनेकदा पुन्हा कामावर येतात.

तेव्हा हलकं तेल कोणतं? आतड्याच्या दृष्टीनं करडई, शेंगदाणा, सरकी यांत फारसा फरक नाही. फरक नंतर पडतो. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा लिनोलेनिक. ही दोन्ही मेदाम्लं शरीराला बनवता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. सरकीच्या तेलातलं विषारी गॉसिपॉल शुद्धीकरणात काढावं लागतं. अकोला आज सरकीच्या ढेपेच्या वायदेबाजाराचं केंद्र आहे, पण त्याच भागात जवसाची पेरणी खूप आटली आहे. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि त्यात पामतेल मोठं आहे.

शहरात चिंता जास्तीच्या तेलाची आहे. तळलेलं रोज, हालचाल कमी; मग यकृतात चरबी साठते, रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचा आकडा चढतो. घाबरून काही जण तेल पूर्ण सोडतात आणि झपाट्यानं वजन उतरवतात. त्यातही धोका आहे. तेल आलं नाही तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं, कोलेस्टेरॉलचे खडे धरू लागतात.

अमरावती जिल्ह्याच्याच उत्तरेला, मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, चिंता उलटी आहे. १९९०च्या दशकापासून हा भाग बालमृत्यू आणि कुपोषणामुळे बातम्यांत येत राहिला. लहान मुलाचं पोट छोटं असतं. नुसत्या पातळ पेजेतून त्याला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, चमचाभर तेलानं तीच पेज कितीतरी भारी होते. पालेभाजीतलं कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, तेलावाचून नीट शोषलं जात नाही. म्हणजे भाजी ताटात असूनही मूल उपाशी राहू शकतं. मोहाच्या बियांचं तेल या डोंगरांत खाण्यात होतं, ते याच जागेवर उपयोगी पडत असणार.

नवजात बाळाची अडचण याहून नाजूक आहे. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, आणि बाळाचं स्वादुपिंड अजून पुरेसं लायपेज बनवत नाही. कमी दिवसांच्या बाळात पित्तक्षारही अपुरे असतात. ही उणीव दूधच भरून काढतं. त्यात आईच्या शरीरानं बनवलेलं एक वेगळं लायपेज असतं आणि बाळाच्या आतड्यात पित्तक्षार भेटले की ते जागं होतं. पण काढून ठेवलेलं दूध तापवलं की हे विकर निकामी होतं, आणि नळीनं पाजलं की दुधातली चरबी नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राहते. ज्या बाळाला एकेका थेंबाची गरज असते त्याच्याच वाट्याची चरबी अशी वाटेत कमी होते. दुधातली मेदाम्लं कोणती असतील हे आईच्या जेवणावरही ठरतं. तिनं कुटलेलं जवस खाल्लं तर अल्फा लिनोलेनिक आम्ल दुधात वाढतं. जवस आख्खं गिळलं तर दाणे बरेचसे न पचता तसेच बाहेर पडतात. जवसाच्या चटणीसाठी दाणे भाजून कुटतात, तेव्हा दाणे फोडायचं काम उखळातच होऊन जातं.