मेकॅनिकपुढे शहाणा होणारा ॲम्प

फेब्रुवारीत परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम येतात आणि त्याला लागूनच लग्नसराई. आज जिंतूर, उद्या गंगाखेड असा ऑर्केस्ट्राचा टेम्पो फिरू लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते: बेसचा ॲम्प मध्येच बसतो. चालू असतो, लाल दिवा जळत असतो, पण आवाज जातो. जरा वेळाने आपोआप येतो. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला की तासभर एकदम शहाण्यासारखा वाजतो. बेस गिटारवर वाजवलेला असो की कीबोर्डच्या डाव्या हाताने, तक्रार तीच. पूर्ण बंद पडलेला ॲम्प दुरुस्त करणं त्या मानाने सोपं, कारण बिघाड जागेवर बसून राहतो आणि मीटर लावला की सापडतो. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाला मात्र आपण लहरी ठरवतो आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलत सुटतो. खरं तर यंत्राला लहर नसते. आवाज जातो त्या क्षणी काहीतरी बदललेलं असतं: तापमान, हादरा, आवाजाची पातळी किंवा एखाद्या वायरचा ताण. ती अट आधी शोधायची आणि भाग नंतर, हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

अशा बिघाडात संशय पहिल्यांदा महागड्या भागावर जातो. आयसी गेला, ट्रान्सफॉर्मर गेला. पण जळालेला आयसी सहसा जळालेलाच राहतो, तो दहा मिनिटं बरा होऊन परत आजारी पडत नाही. कधी जोडला जातो आणि कधी तुटतो तो सांधा: पाव इंची पिन, तिचा सॉकेट, बोर्डावरचा कनेक्टर, सोल्डरचा सुटलेला डाग. परभणीच्या हवेत तर या सांध्यांची परीक्षाच असते. इथे थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो आणि मेमध्ये चव्वेचाळीसच्या वर. तांबं, कथिल आणि बोर्डाचं फायबर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे जड भागांच्या पायांशी दिलेल्या डागाला हळूहळू गोल चीर पडते. भिंगातून पाहिली तर केसाएवढी बारीक. ॲम्प थंड असताना ती मिटलेली असते, तापला की उघडते. काही ठिकाणी नेमकं उलट. त्यावर टेम्पोचे हादरे आणि धूळ. मग पंखा लावलेल्या दुकानात, हळू आवाजात हाच ॲम्प नीट चालला तर नवल कसलं? बिघाड घडवणारी एकही परिस्थिती तिथे नसते.

बेसच्या बाबतीत हे जास्त जाणवतं त्याला कारण आहे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. एवढा खालचा स्वर मोठ्याने ऐकवायचा तर वीजप्रवाह भरपूर लागतो आणि स्पीकरचा पडदा बराच पुढे-मागे धावतो. 200 वॅटचा ॲम्प 4 ओहमच्या स्पीकरवर सलग पूर्ण जोरात चालला तर वायरमधून सुमारे 7 अँपिअर जातात. त्या वाटेत एखाद्या ढिल्या पिनेने अर्धा ओहमचा अडथळा उभा केला, की तेवढ्याशा जागेत जवळपास 20 वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. पिन तापते, काळी पडते, अडथळा आणखी वाढतो. ॲम्पच्या सुरुवातीच्या टोकाला, जिथे सिग्नल व्होल्टभरही नसतो, तिथे गोष्ट उलटी होते. सांध्यावर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा बारीक सिग्नलला अडवतो, पण जोराचा ठोका बसला की तो फुटतो आणि आवाज परत येतो. म्हणून जोरात वाजवल्यावर आवाज जातो की जोरात वाजवल्यावर येतो, एवढा एक प्रश्नसुद्धा शोधाची दिशा ठरवतो.

पुढची पायरी म्हणजे साखळी मधोमध तोडून पाहणं. बऱ्याच बेस ॲम्पना मागे लाइन आउट असतो, आणि तो बहुधा पॉवर विभागाच्या आधीचा सिग्नल देतो. स्पीकर गप्प झाला त्याच क्षणी लाइन आउटवरून मिक्सरला आवाज मिळत असेल, तर गिटार, केबल आणि ॲम्पचा सुरुवातीचा विभाग निर्दोष सुटले. दोष पुढे पॉवर विभागात, रिलेत, स्पीकरच्या वायरीत किंवा खुद्द स्पीकरमध्ये. तिथेही गप्प, तर शोध अलीकडे. मागे सेंड आणि रिटर्न असे दोन सॉकेट असतील तर एक चाचणी फुकटात होते. अनेक ॲम्पांत त्या दोघांत काही लावलेलं नसताना सिग्नल रिटर्नच्या सॉकेटमधल्या एका छोट्या पत्तीवरून पुढे जातो. वर्षानुवर्षं कुणी तिथे पिन घातलेली नसते, पत्तीवर ऑक्साइडचा थर चढतो आणि आवाज मधूनच खचतो. सेंडमधून रिटर्नमध्ये एक आखूड केबल लावली आणि आवाज टिकला, तर चोर ती पत्तीच. गिटारमध्ये 9 व्होल्टची बॅटरी असेल तर तीही बदलून पाहावी. उतरलेली बॅटरी आवाज फाटका करते, आणि केबल गिटारला लावून ठेवली तर ती रात्रभरही उतरत राहते. एवढ्या साध्या कारणासाठी ॲम्प उघडला गेल्याची उदाहरणं कमी नसावीत!

यावर पहिला आक्षेप लाइटचा: गावात व्होल्टेज कमी-जास्त होतं, जनरेटरवर तर विचारूच नका. कारण खोटं नाही, पण ते तपासता येतं. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर एक साधा तारेचा बल्ब लावावा. आवाज जाताना बल्ब मंदावला तर दोष लाइटचा किंवा बोर्डाच्या ढिल्या सॉकेटचा. बल्ब स्थिर राहून आवाज गेला तर लाइटवर खापर फोडण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सीझनमध्ये एका ॲम्पपाशी तासन् तास बसायला मेकॅनिकला वेळ कुठे? त्यापेक्षा बोर्ड बदलून टाकावा. आणि बोर्ड बदलल्यावर ॲम्प चालतोही. चालतो, पण कशामुळे, हे पाहायला हवं. बोर्ड बदलताना सगळे कनेक्टर उपसले जातात, पुन्हा दाबून बसवले जातात आणि त्या घासण्याने सांधे स्वच्छ होतात. दोष सांध्यात असेल तर तो तेवढ्यापुरता दबतो आणि श्रेय नव्या बोर्डाला मिळतं; पुढच्या उन्हात तक्रार पुन्हा हजर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. ॲम्पला थाप मारून चालू करणाऱ्यांचंही तेच. थाप हा इलाज नाही, पण पुरावा उत्तम आहे: हादऱ्याने आवाज परत येत असेल तर सांधा ढिला आहे हे जवळजवळ सिद्धच झालं. मेकॅनिकने तीच थाप बांबूच्या काडीने, हलकेच, बोर्डाच्या एकेका भागावर द्यावी; हेअर ड्रायरने एकेक कोपरा तापवावा. मेचं ऊन टेबलावर आणता येतं, त्यासाठी मे महिन्याची वाट पाहायला नको.

हे उघडून पाहण्याचं काम मात्र वाजवणाऱ्याने करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पात ती चारशे-पाचशे व्होल्टची असू शकते. वादकाचं काम बाहेरचं, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. आवाज जाईल तेव्हा मोबाइलवर एवढं लिहून ठेवा: सुरू केल्यापासून किती मिनिटांनी गेला, कोणता स्वर होता, जोरात होता की हळू, एकदम गेला की खरखरत, लाइन आउटवर होता की नाही, थापेने आला की आपोआप. दुरुस्तीला जाताना नुसता ॲम्प नेऊ नका. तीच केबल, तीच गिटार, स्पीकर वेगळा असेल तर तोही न्या, आणि बिघाड समोर दिसेपर्यंत एकही भाग बदलू नका असं मेकॅनिकला सांगून ठेवा.