डोंगरची काळी मैना केकमध्ये

भोर : भाटघर धरणाच्या येसाजी कंक जलाशयाकाठी मे महिन्यात मुक्कामाला जाणाऱ्यांना 'डोंगरची काळी मैना' अर्थात करवंदे ताजी मिळतात. पिकलेले फळ फार टिकत नसल्याने केक तेथेच करणे उत्तम. करवंदे पूर्ण काळी झालेलीच घ्यावीत. कच्च्या फळाचा चीक ओठांना चिकटतो. बिया काढून, मैद्यात घोळवलेले तुकडे सहसा तळाशी बसत नाहीत. फळाच्या आंबटपणामुळे सोड्यातून वायू सुटून केक फुलतो. मात्र सोडा जास्त झाल्यास जांभळा रंग निळसर पडतो. ओव्हन नसल्यास शिट्टी व रिंग काढून, पाणी न घालता, मंद आचेवर ठेवलेला कुकर पुरतो. कच्ची फळे मात्र ओरबाडू नयेत. पावसाबरोबर संपणाऱ्या या हंगामावरच करवंदे विकणाऱ्या महिलांची चार पैशांची मिळकत अवलंबून असते.