चिमणीला घर द्या, पण मापात

चिऊ-काऊची गोष्ट आपण सर्वांनीच मुलांना सांगितली आहे. त्या गोष्टीत पावसात वाहून जाते ते काऊचे घर. आज प्रत्यक्षात बेघर झाली आहे ती चिऊ.

आमची कौलारू चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली. भाडेकरूंना खोल्या मिळाल्या. पण वाशांवर, कौलांच्या फटीत, तसबिरीमागे राहणाऱ्या चिमण्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. गुळगुळीत भिंतीत त्यांना जागा उरली नाही. देशातील पक्ष्यांविषयीचा एक अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. परंतु मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या सहा महानगरांत ती घटली आहे.

चिमणीला घरट्यासाठी पोकळी लागते. म्हणूनच लाकडी पेटीतही ती सुखाने संसार मांडते. मीही फळांच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकली. धाकटीने रोज वाट पाहिली. पण भोक अडीच इंचांचे ठेवले होते, त्यामुळे पेटीत साळुंकी शिरली! जन्मभर आकडेमोड करणाऱ्या कारकुनाचे माप इथे चुकले.

तेव्हा वाचकहो, माझी चूक आपण करू नका. भोक सव्वा इंच म्हणजे ३२ मिलिमीटर ठेवा. पेटीचा तळ पाच-सहा इंच चौरस आणि उंची आठ-दहा इंच असावी. भोक वरच्या बाजूस घ्या, म्हणजे पिले बाहेर पडणार नाहीत. भोकापुढे बसायला काडी लावू नका. तिचा उपयोग शत्रूलाच होतो. आतून रंग देऊ नका. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, सावलीत आणि पंख्यापासून दूर टांगा. चिमण्या सोबतीने राहतात, म्हणून दोन-तीन पेट्या जवळजवळ लावा. अंडी सुमारे १२ दिवसांत उबतात आणि पुढे दोनेक आठवड्यांत पिले उडतात. तोवर मुलांना हात लावू देऊ नका.

पण नुसती खोली देऊन संसार चालतो काय? रेशनही लागते. आपण तांदूळ टाकतो, तो मोठ्या चिमण्यांना चालतो. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना मात्र किडे-अळ्याच लागतात. जिथे सगळीकडे फरशी घातली आणि झुडपांवर औषध फवारले, तिथे किडे येणार कुठून? म्हणून वस्तीच्या कोपऱ्यात थोडी मोकळी माती, गवत, मेंदीचे कुंपण राहू द्या. उन्हाळ्यात परळभर पाणी ठेवा.

साळुंकीची पिले उडून गेल्यावर मी भोक लहान केले. पुढच्या उन्हाळ्यात धाकटीने हाक मारली, "पप्पा, चिमणी काडी घेऊन आली!" दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. त्याआधी आपल्या गल्लीत निदान एक पेटी लागावी. घर जाण्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. मग ज्यांना अर्जही करता येत नाही, त्यांचे घर आपण नाही बांधायचे तर कोणी बांधायचे?