मासोळीच्या हिशेबाची सरकारी नोकरी

अमरावतीत अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्या मुलाला, नाहीतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला मत्स्यव्यवसायातली सरकारी नोकरी सुचवून बघा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वऱ्हाडात समुद्र कुठं आहे?" त्यामागोमाग दुसरा: "ते तर झूलॉजीवाल्यांचं काम ना?" पहिल्या प्रश्नात काहीच दम नाही. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, आणि ते नेमकं किती हे ठाऊक नसल्यानं पुष्कळांचे अर्ज भलत्याच दारात जाऊन पडतात.

"समुद्र नाही, म्हणजे मासेमारीचं खातंही नाही"

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे १८४ लाख टन मासळी निघाली. त्यातली जवळपास १३९ लाख टन गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातली, म्हणजे तळी, धरणं, नद्या, शेततळी यांतली होती. चार माशांतले तीन समुद्राबाहेरचे. महाराष्ट्रात चित्र उलटं आहे, इथं समुद्राचाच वाटा मोठा. म्हणून आपल्याकडं मत्स्यव्यवसाय म्हटलं की ससून डॉक आणि मिरकरवाडा डोळ्यांपुढं येतात, मोर्शीजवळचा अप्पर वर्धा, महानचा काटेपूर्णा, तेल्हाऱ्याकडचा वान किंवा अंजनगावजवळचा शहानूर येत नाही. या जलाशयांवर भोई, ढिवर, कहार समाजाच्या सहकारी संस्था जाळी टाकतात. खात्याचं प्रादेशिक उपायुक्त कार्यालय अमरावतीत आहे आणि जिल्ह्याचं काम सहायक आयुक्त पाहतात.

आता यात अर्थशास्त्र कुठं आलं ते जवळून पाहू. समजा शंभर हेक्टरांचा एक सिंचन तलाव आहे. संस्थेनं हेक्टरी दोन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली; एकूण दोन लाख. त्यातली पाचातली एक जगली तरी चाळीस हजार मासे झाले. सरासरी आठशे ग्रॅमचा रोहू-कतला धरला तर ३२ टन माल, आणि तलावाच्या काठावर किलोला शंभर रुपये मिळाले तर ३२ लाख रुपये. कागदावर हिशेब झकास जमतो. प्रत्यक्षात कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीची आवर्तनं ठरतात आणि पाणी झपाट्यानं उतरायला लागतं. मग आठशे ग्रॅमची वाट पाहायला सवड राहत नाही. आजूबाजूच्या चार तलावांचा माल एकाच पंधरवड्यात बाजारात येतो, भाव पडतो, बर्फाचा खर्च वाढतो. संस्थेनं तलाव ठेक्यानं घेतलेला असतो, आणि त्या ठेक्याची रक्कम मात्र हेक्टरावर ठरलेली असते, पाणी राहो वा न राहो.

ठेक्याचा दर किती असावा, कमी पावसाच्या वर्षी त्यात सूट द्यावी का, बोटुकलीवरचं अनुदान वाढवावं की बर्फ कारखान्याला द्यावं, हे सगळे धोरणाचे प्रश्न आहेत. मत्स्यजिऱ्याची, म्हणजे माशांच्या अगदी बारीक पिल्लांची, प्रत ओळखणं हे जीवशास्त्राचं काम, पण हे प्रश्न सोडवायला किंमत, जोखीम आणि मालकीहक्क कळणारा माणूस लागतो. तलाव ठेक्याचं सध्याचं धोरण ३० जून २०१७ च्या शासन निर्णयावर उभं आहे, पुढं त्यात बदलही झाले. या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्यानं तो निर्णय एकदा तरी मुळातून वाचावा. मराठीतच आहे.

खारपाणपट्ट्याचं उदाहरण तर घरचंच. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातलं भूजल खारट आहे. हरियाणा-पंजाबात अशाच खाऱ्या जमिनींवर कोळंबीची तळी उभी राहिली, मग इथं का नाही, असा प्रश्न वारंवार निघतो. तिकडचं गणित इकडं जसंच्या तसं लागू पडत नाही: पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण वेगळं, वीज वेगळी, बाजार लांब, आणि तळ्यातून सोडलेलं खारं पाणी शेजारच्या कास्तकाराच्या तुरीत गेलं तर भरपाई कोणी द्यायची याचा निकाल आधी लागायला हवा. ज्याला हा प्रश्न आकडे मांडून दहा पानांत लिहिता येईल, त्याला मुलाखतीत बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

"मत्स्य अर्थशास्त्रज्ञ म्हणून जाहिरात निघेल, तेव्हा बघू"

राज्याच्या खात्यात या नावाची नियमित भरती होत नाही. इंटरनेटवर वाचून हा समज होतो, कारण अमेरिकेत तसं आहे. तिथं १९७६ च्या मॅग्नुसन कायद्यानं सागरी मासेमारीचं व्यवस्थापन संघराज्याकडं आलं, नियम करताना त्यांचे आर्थिक परिणाम तपासणं भाग पडलं, आणि राष्ट्रीय सागरी मत्स्य सेवेत अर्थशास्त्रज्ञ नेमले जाऊ लागले. हा विषयही तिकडच्याच भूमीवर वाढला. एच. स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये दाखवून दिलं की, मासा कोणाच्याच मालकीचा नसेल तर नफा संपेपर्यंत होड्या वाढत जातात. पुढं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गावं आणि संस्था स्वतःचे नियम करून असा साठा टिकवू शकतात हे मांडलं, आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपल्या तलाव संस्थांचा प्रश्न गॉर्डनपेक्षा ऑस्ट्रॉमच्या जवळचा आहे, असं माझं मत.

आपल्याकडं हेच काम चार-पाच ठिकाणी वाटलं गेलंय. त्यामुळं पदाच्या नावामागं धावण्यात अर्थ नाही. जाहिरात उघडली की पगाराच्या आधी शैक्षणिक अर्हतेचं कलम वाचायचं. खरी चाळणी तिथं लागते.

"एम.ए. अर्थशास्त्र आहे, सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय होता येईल"

इथं मघाचं ते तथ्य येतं. खात्याची अधिकारी पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, पण ती तांत्रिक पदं आहेत आणि तिथली मुख्य वाट मत्स्यशास्त्राच्या पदवीची, म्हणजे बी.एफ.एस्सी.ची. नुसत्या अर्थशास्त्राच्या पदवीवर तिथं अर्ज करणं म्हणजे शुल्क वाया घालवणं. बारावी विज्ञानात असलेल्या धाकट्या भावंडाला मात्र ही वाट जरूर सांगा. नागपूर आणि उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, रत्नागिरीत शिरगावचं महाविद्यालय कोकण कृषी विद्यापीठाचं. वऱ्हाडाला नागपूर सगळ्यात जवळ.

ज्याला मासे आणि अर्थशास्त्र दोन्ही हवंय, त्यानं बी.एफ.एस्सी. नंतर मुंबईच्या वर्सोव्यातल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेकडं पाहावं. तिथं मत्स्य अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळते. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तेव्हा केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते आपले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. वऱ्हाडातली मुलं त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकतात, पण त्यांच्याच काळात उभ्या राहिलेल्या या संस्थेचं नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेलं नसतं.

"कृषी अर्थशास्त्र म्हणजे अर्थशास्त्रच की, आयईएस देऊ"

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. भारतीय आर्थिक सेवेसाठी, म्हणजे आयईएससाठी, केंद्रीय लोकसेवा आयोग पदव्युत्तर पदवी मागतो आणि विषयांची नावं मोजून देतो: अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र, अर्थमिती. त्या यादीत कृषी अर्थशास्त्र नाही. म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची एम.ए. चालते, पण अकोल्याची कृषी अर्थशास्त्रातली एम.एस्सी. या कलमात बसत नाही. दोन वर्षं तयारी केल्यावर हे कळलेल्या मुलांची चिडचिड समजू शकते, पण कलम पहिल्याच पानावर असतं.

अकोल्याच्या विद्यार्थ्याची वाट दुसरी आहे. कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ 'नेट' आणि कृषी संशोधन सेवेची परीक्षा घेतं, आणि त्यात कृषी अर्थशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांमध्ये मत्स्यसंशोधनाच्याही संस्था येतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत तर मच्छीमारांचं उत्पन्न, बाजारभाव, साखळीतला दलालांचा वाटा यांचाही अभ्यास चालतो. धोरणाला लागणारे आकडे बऱ्याचदा तिथून येतात.

आता आयईएसबद्दल. परीक्षेत इंग्रजी आणि सामान्य अध्ययनाचे प्रत्येकी १०० गुण, अर्थशास्त्राचे चार पेपर प्रत्येकी २०० चे, आणि मुलाखतीला २००. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात आणि ती दीर्घोत्तरी असतात, पर्यायांवर टिचक्या मारून भागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यानं त्यासाठी लिहिण्याचा सराव आधी करावा. वय २१ ते ३०, मागास प्रवर्गांना नियमानुसार सवलत. जागा अगदी थोड्या असतात: २०२४ मध्ये १८, तर २०२५ मध्ये १२.

निवड झाली म्हणजे मासेच मिळतील असं मात्र नाही. या सेवेचा कारभार अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडं असतो. अधिकारी वेगवेगळ्या मंत्रालयांत फिरतात, आज कामगार, उद्या वाणिज्य. केंद्रात मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र विभाग २०१९ मध्ये झाला, त्यामुळं त्या खात्यात काम करण्याची संधी येऊ शकते, मागून मिळत नाही. ज्याला फक्त मत्स्यधोरणातच आयुष्य काढायचंय, त्याला आयईएस मोठी वाटली तरी सोयीची नाही, असं मी सांगेन.

"सांख्यिकी म्हणजे नुसती रकाने भरण्याची नोकरी"

राज्याच्या नियोजन विभागाखाली अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. दर अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' हेच तयार करतं, आणि त्यात मत्स्यव्यवसायाचाही आढावा असतो. जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सांख्यिकी कार्यालयं आहेत, अमरावतीत प्रादेशिक कार्यालय आहे. सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक, अन्वेषक ही इथली पदं, आणि अर्थशास्त्र, सांख्यिकी, गणित, वाणिज्य शिकलेल्यांना इथं मत्स्यव्यवसाय खात्यापेक्षा जास्त वाव.

रकाने भरणं हा कामाचा भाग आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण रकान्यात काय येतं यावर पुढं बरंच ठरतं. समुद्रावर बंदरांमध्ये नमुना पद्धतीनं मासळी मोजण्याची पक्की घडी बसलीय, धरणाकाठी ती तशी नाही. संस्थेनं सांगितलेला आकडाच पुष्कळदा वर जातो, आणि ठेका वाढेल या भीतीनं तो कमी सांगितला जाण्याची शक्यता कोणीही ओळखेल. ती फट ओळखून आकडा तपासणारा अन्वेषक मंत्रालयातल्या सल्लागाराइतकाच धोरणाला उपयोगी पडतो.

मुख्यमंत्री फेलोशिपही हेच संचालनालय राबवतं. वय २१ ते २६, कोणतीही पदवी किमान ६० टक्क्यांनी, आणि वर्षभराचा अनुभव. बारा महिन्यांची ही संधी कायम नोकरी नव्हे, पण जिल्हाधिकारी कार्यालयात बसून योजना कागदावरून जमिनीवर कशा येतात ते पाहायला मिळतं.

"नाबार्ड म्हणजे बँक, तिथं धोरण कसलं?"

दरवर्षी नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक आपल्या जिल्ह्याचा पतक्षमतेचा आराखडा लिहितो. बँकवाले त्याला पीएलपी म्हणतात. पुढच्या वर्षी कोणत्या व्यवसायाला किती कर्ज लागू शकेल याचा अंदाज त्यात असतो: पीककर्ज, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, आणि मत्स्यव्यवसायाचं वेगळं प्रकरण. एका हेक्टरच्या तळ्याला किती खर्च येतो, जिल्ह्यात किती तळी शक्य आहेत, अडचण बीजाची आहे की बाजाराची, हे तिथं लिहिलेलं असतं. बँकांची उद्दिष्टं त्यावर बेतली जातात. याहून जमिनीवरचं धोरण दुसरं कोणतं?

नाबार्डच्या सहायक व्यवस्थापक परीक्षेत 'सर्वसाधारण' गटात कोणत्याही शाखेचा ६० टक्क्यांचा पदवीधर बसू शकतो, आणि काही वर्षी मत्स्यव्यवसायाच्या जागा वेगळ्या निघतात. मुख्य परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि कृषी-ग्रामीण विकास हे विषय असतात. वऱ्हाडातल्या अर्थशास्त्राच्या पदवीधराला, शेतीच्या घरातला असेल तर विशेषच, ही परीक्षा सगळ्यात जवळची वाटते मला.

बाकीचे समज झटपट निकाली निघतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याचा संबंध वीजदर, कर्ज, विमा यांतल्या सवलतींशी आहे, त्यामुळं नवी पदं आपोआप तयार झालेली नाहीत. २०,०५० कोटींची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या राज्य आणि जिल्हा कक्षांतल्या जागा कंत्राटी, योजनेबरोबर जाणाऱ्या. 'सागर मित्र' किनाऱ्यावरच्या गावांसाठी आहेत, अकोल्यातून त्यासाठी अर्ज करून उपयोग नाही. आणि "आतून करून देतो" म्हणणाऱ्यांबद्दल: आयईएसच्या अर्जाचं शुल्क २०० रुपये, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तेही माफ. त्यापलीकडं कोणी एक रुपया मागितला, तर तो आयोगाकडं जाणारा नाही.