दोन तिरक्या चालींची सरळ रेषा

विमान हवेत असतं तेव्हा त्याला वारा लागत नाही. ऐकायला हे चमत्कारिक वाटेल. पण धावत्या एसटीत शिरलेली माशी बघा. ती पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर निवांत उडत जाते. गाडी ताशी साठ किलोमीटरने पळते आहे याची तिला गंधवार्ता नसते, कारण तिची हवाच गाडीबरोबर चाललेली असते. एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात विमानाचं तसंच होतं. वारा त्याला कडेने ढकलत नाही. ज्या हवेत ते उडतं, ती हवाच्या हवा जमिनीवरून सरकत असते आणि विमान तिच्यासोबत जातं. धक्के बसतात ते वाऱ्याचा जोर किंवा दिशा अचानक बदलली की.

हा निवांतपणा चाकं टेकेपर्यंतच. त्यानंतर विमानाचा संबंध डांबराशी, आणि डांबर जागचं हलत नाही. आडव्या वाऱ्यात उतरणं म्हणजे सरकत्या हवेतून स्थिर जमिनीवर येणं, तेही शेवटच्या काही सेकंदांत. छोट्या विमानात हे काम पायलटच्या हातापायांनीच करायचं असतं.

एके काळी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, तेव्हा तिथे पक्की धावपट्टी नव्हती. मोकळं मैदान असलं की वारा कुठून येतो ते बघायचं आणि त्याच्या तोंडावर उतरायचं. पक्की धावपट्टी आली आणि उतरण्याची दिशा कायमची ठरून गेली. वारा मात्र कुणाच्या आखणीला बांधलेला नाही. मुंबई विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. वारा एकीला फार आडवा असेल, तर दुसरीला तो कमी आडवा असू शकतो. पण बहुतेक छोट्या धावपट्ट्यांवर अशी निवड करायला दुसरी पट्टीच नसते.

वारा किती आडवा, याचा हिशेब तोंडी करता येतो. समजा, २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे २७० अंशांच्या दिशेने उतरायचं आहे आणि टॉवरने वारा २४० अंशांवरून १५ नॉट सांगितला. फरक ३० अंशांचा. १५ अंशांना पाव, ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण आणि ६० अंशांपुढे पूर्ण, हा पायलटांचा ढोबळ आडाखा. म्हणजे इथे आडवा वारा साडेसात नॉट. त्रिकोणमितीतल्या साइनचं कोष्टक असं पाव-पाऊणकीत बसतं.

आता सेसना १७२ घेऊ. चार आसनांचं हे विमान १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं. आजवर ४४,००० हून अधिक बनली आणि जगभरच्या फ्लाइंग क्लबांत आजही विद्यार्थी त्याच्यावर शिकतात. ते ६० ते ६५ नॉटने, म्हणजे ताशी ११० ते १२० किलोमीटरने उतरायला येतं. डावीकडून काटकोनात १० नॉटचा वारा असेल, तर हवा सेकंदाला पाच मीटर उजवीकडे सरकते. नाक सरळ धावपट्टीवर रोखून ठेवलं, तर चार सेकंदांत विमान वीस मीटर बाजूला गेलेलं असेल. म्हणून पायलट नाक सुमारे दहा अंश वाऱ्याकडे वळवतो. याला क्रॅब म्हणतात. धावपट्टी काचेच्या एका कडेला दिसत राहते, आणि तरी विमान तिच्याच मध्यरेषेवरून येतं.

पण असं तिरकं टेकता येत नाही. टायर आडवे घासतात, चाकांच्या दांड्यांवर बाजूने जोर येतो. सेसनाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्यामुळे ते निदान हिसका खाऊन सरळ होतं. शेपटाला चाक असलेल्या जुन्या विमानांत तो मुख्य चाकांच्या मागे असतो. तिथे तिरकेपणा वाढत जातो आणि विमान जमिनीवर गर्रकन फिरतं.

इंजिनिअरांनीही यावर डोकं चालवलं. फ्रेड वाइक यांच्या एरकूप विमानाला रडरची, म्हणजे शेपटावरचं सुकाणू पायांनी वळवायची, पेडलं नव्हतीच. ते तिरकंच टेकायचं आणि त्याची चाकं त्याला सरळ करून घ्यायची. बी-५२ या अजस्र बॉम्बफेकी विमानाची तर चाकंच २० अंशांपर्यंत वळवता येतात. नाक भलतीकडे ठेवून ते धावपट्टीवर सरळ धावतं.

सेसनात मात्र हे पायलटला करावं लागतं. डावीकडून वारा आहे, तर योक, म्हणजे हातातलं चाक, डावीकडे वळवून डावा पंख खाली करायचा. विमान डावीकडे वळू पाहतं. ते वळू नये म्हणून उजवं पेडल दाबायचं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. एरवी दोन्ही एकमेकांच्या साथीने चालवायचे, असं पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेलं असतं. इथे तो नियम मुद्दाम मोडायचा. नाक धावपट्टीच्या रेषेत राहतं आणि विमान हवेतून डावीकडे घसरू लागतं, अगदी त्याच वेगाने ज्या वेगाने हवा उजवीकडे चालली आहे. दोन तिरक्या चाली एकमेकींना खोडतात आणि जमिनीवर सरळ रेषा उमटते.

वेग कमी होतो तसं हे कठीण होत जातं. वेग निम्मा झाला की रडर आणि पंख कलवणारे एलेरॉन यांचा जोर चौथाईवर येतो, म्हणून टेकताना हातापायांचा दाब सतत वाढवत न्यावा लागतो. आधी वाऱ्याकडचं एकच चाक टेकतं, मग दुसरं, शेवटी नाकाचं. त्यानंतरही शेपटावर वारा येऊन नाक त्याच्याकडे वळू पाहतं, ते पायांनी सरळ धरायचं. आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून विमान जमिनीवर धावत असतानाही योक वाऱ्याकडे पूर्ण वळवत न्यायचा.

सरावाची एक सुंदर पद्धत आहे. उतरायचंच नाही. धावपट्टीवरून काही फुटांवर, थोडी पॉवर ठेवून तिच्या टोकापर्यंत उडत जायचं. पंखाचा कल कमीजास्त करून विमान मध्यरेषेवरून कडेला न्यायचं, परत आणायचं, आणि तेवढ्या वेळात नाक पायांनी सरळ धरून ठेवायचं. हात विमानाची जागा सांभाळतात आणि पाय दिशा, ही विभागणी अशी एकदा अंगात मुरली की टेकणं हा त्याचाच पुढचा भाग होतो.

शेवटी प्रश्न मर्यादेचा. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट आहे. चाचणीत एवढ्या वाऱ्यात उतरून दाखवलेलं आहे, इतकाच त्याचा अर्थ. त्यापुढे बंदी नाही आणि हमीही नाही. खरी मर्यादा पेडल सांगतं. ते शेवटपर्यंत दाबलं आणि तरी नाक वाऱ्याकडे सरकत असेल, तर रडर संपलेला आहे. मग थ्रॉटल पुढे करून वर जायचं आणि दुसरी धावपट्टी गाठायची. म्हणून शिकताना पंख खाली करून हे घसरणं जमिनीच्या बरंच वर असतानाच लावून बघायला सांगतात. आजचा वारा या विमानाला झेपेल की नाही, याचा अंदाज पायलटच्या पायाला तिथेच येतो, आणि तेव्हा बेत बदलायला पुरेशी उंची हाताशी असते.